ट्यूब गिटार ॲम्पला योग्य आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि योग्य स्पीकर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन ‘आठ ओहमचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर द्या’ म्हटलं, तर ती मागणी अर्धवटच असते. हा ट्रान्सफॉर्मर ट्यूब आणि स्पीकर यांच्या मध्ये बसतो आणि आठ ओहम ही झाली फक्त स्पीकरची बाजू. दुसऱ्या बाजूला कुठल्या ट्यूब आहेत, किती आहेत, प्लेटवर (ट्यूबच्या आउटपुट टोकावर) किती व्होल्ट येतात, ॲम्प सिंगल-एंडेड (एकच बाजू पूर्ण लहर वाजवते) आहे की पुश-पुल (दोन बाजू लहर अर्धी-अर्धी वाटून घेतात), हे सांगितल्याशिवाय काउंटरपलीकडचा माणूस अंदाजानेच काहीतरी हातात ठेवणार. तो ट्रान्सफॉर्मर लावला की ॲम्प बहुधा वाजेलही. पण आवाज बारीक निघेल, किंवा ट्यूब लवकर जातील, किंवा एका रात्री जोरात वाजवताना वाइंडिंग उडेल.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. ट्रान्सफॉर्मरला स्वतःचे ओहम नसतात. त्याला असतं वेढ्यांचं गुणोत्तर. ट्यूबसमोर किती लोड उभा राहणार हे स्पीकर ठरवतो आणि ट्रान्सफॉर्मर तो त्या गुणोत्तराच्या वर्गाने मोठा करून दाखवतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांची निवड एकत्रच करावी लागते.

हात घालण्याआधी

या ॲम्पमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो फिल्टर कपॅसिटरमध्ये राहतो. प्लग काढा. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी मुख्य कपॅसिटरच्या दोन टोकांना लावून दहा-पंधरा सेकंद धरा आणि मीटरवर १० व्होल्टपेक्षा कमी दिसल्यावरच आत हात घाला. स्क्रूड्रायव्हरने थेट शॉर्ट करू नका, त्याने कपॅसिटरही बिघडतो. हे काम नवीन असेल तर पहिल्या वेळी जाणकाराला शेजारी बसवा.

गुणोत्तराचं गणित

दोन ६व्ही६ ट्यूबच्या पुश-पुल ॲम्पला प्लेट ते प्लेट ६.६ किलोओहम लोड हवा आणि स्पीकर ८ ओहमचा आहे, असं धरू. ६६०० भागिले ८ म्हणजे ८२५. त्याचं वर्गमूळ २८.७. म्हणजे प्रायमरीचे (ट्यूबकडच्या वाइंडिंगचे) २८.७ वेढे आणि सेकंडरीचा (स्पीकरकडच्या वाइंडिंगचा) एक, हे त्या ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर.

आता त्याच टॅपला (सेकंडरीतून काढलेल्या जोडणीच्या टोकाला) १६ ओहमचा स्पीकर लावला तर ट्यूबला १३.२ किलोओहम दिसतात. ४ ओहमचा लावला तर ३.३ किलोओहम. ट्रान्सफॉर्मर तोच, बदलला फक्त स्पीकर. ‘४, ८, १६’ असे टॅप दिलेले असतात ते एवढ्यासाठीच. प्रत्येक टॅपवर त्याच्या आकड्याचा स्पीकर लावला, तर ट्यूबला दरवेळी तेच ६.६ किलोओहम दिसावेत.

ट्यूबला किती लोड हवा

नेहमीच्या गिटार ॲम्पमध्ये चालत आलेले आकडे असे आहेत:

ईएल८४, एक ट्यूब, सिंगल-एंडेड: सुमारे ५ किलोओहम, ५ वॅट
ईएल८४, दोन, पुश-पुल: ८ किलोओहम, १५ ते १८ वॅट
ईएल८४, चार: ४ किलोओहम, ३० वॅट
६व्ही६, एक, सिंगल-एंडेड: ५ ते ७ किलोओहम, ४ ते ५ वॅट
६व्ही६, दोन: ६.६ ते ८ किलोओहम, १५ ते २२ वॅट
६एल६जीसी, दोन: ४ ते ४.४ किलोओहम, ४० ते ४५ वॅट
ईएल३४, दोन: सुमारे ३.४ किलोओहम, ५० वॅट
ईएल३४, चार: सुमारे १.७ किलोओहम, १०० वॅट

ट्यूबची संख्या दुप्पट झाली की लोड निम्मा होतो. शंभर वॅटच्या ॲम्पमधून दोन ट्यूब काढून तो पन्नास वॅटवर चालवायचा असेल तर हाच नियम उलटा लावायचा. ट्यूब निम्म्या राहिल्या, म्हणजे त्यांना दुप्पट लोड हवा. म्हणून ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमच्या टॅपला जोडायचा. काढलेल्या दोन ट्यूब मात्र एकाच बाजूच्या नसाव्यात. पुशमधली एक आणि पुलमधली एक काढायची.

आपला बी प्लस (ट्यूबच्या प्लेटना पुरवला जाणारा मुख्य डीसी व्होल्टेज) वरच्या यादीतल्या नेहमीच्या ॲम्पपेक्षा वेगळा असेल, तर पुश-पुलसाठी एक साधा हिशेब आहे. बी प्लसमधून सुमारे ५० व्होल्ट वजा करा, उत्तराला ४ ने गुणा आणि ट्यूब पूर्ण उघडल्यावर जो कमाल करंट देते त्या ॲम्पियरने भागा. ईएल८४ ला ३०० व्होल्ट मिळत असतील आणि कमाल करंट ०.१२५ ॲम्पियर धरला, तर ४ × २५० ÷ ०.१२५ म्हणजे ८ किलोओहम. पॉवर काढायला करंटचा वर्ग गुणिले लोड, भागिले ८, म्हणजे साधारण १५.६ वॅट. कमाल करंट ट्यूबच्या डेटाशीटमधल्या वक्ररेषांवरून घ्यायचा आणि वक्ररेषा आपल्या स्क्रीन (ट्यूबमधली प्लेटजवळची जाळी) व्होल्टेजची आहे ना ते बघायचं, कारण करंट प्लेटपेक्षा स्क्रीनवर जास्त अवलंबून असतो.

यादीतले आकडे दगडावरची रेघ नाहीत. १० ते २० टक्क्यांचा फरक कानाला नीट कळतही नाही. स्पीकरचा इम्पिडन्स तरी कुठे स्थिर असतो! ८ ओहम लिहिलेला बारा इंची गिटार स्पीकर ७५ ते १०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्याच्या रेझोनन्सवर, ५० ओहमच्याही वर जातो. ४०० हर्ट्झच्या सुमारास तो खरा ८ ओहमजवळ असतो आणि ५ किलोहर्ट्झला पुन्हा चढतो. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की ८२.४ हर्ट्झ निघतात, अगदी त्या रेझोनन्सच्या अंगणात. ट्यूब ॲम्पचा भरीव खर्ज आणि वरची धार बऱ्याच अंशी या चढउतारातून येते. म्हणून ६.६ की ७ किलोओहम यावर वेळ घालवू नका. दुपटीची चूक होऊ देऊ नका, एवढं पुरे.

सिंगल-एंडेड आणि पुश-पुलची अदलाबदल नाही

पुश-पुलमध्ये दोन्ही बाजूंचा डीसी करंट विरुद्ध दिशांनी वाहतो आणि कोअरमधलं (लोखंडी गाभ्यातलं) त्याचं चुंबकत्व एकमेकांना मारतं. त्यामुळे ई आणि आय आकाराचे पत्रे एकाआड एक, फट न ठेवता बसवतात. सिंगल-एंडेडमध्ये ४०-५० मिलिॲम्पियर डीसी सतत एकाच दिशेने वाहतो. कोअर संपृक्त होऊ नये, म्हणजे आणखी चुंबकत्व घेईनासा होऊ नये म्हणून तिथे सगळे ई एका बाजूला आणि सगळे आय दुसऱ्या बाजूला लावून मध्ये कागदाची फट ठेवावी लागते.

पुश-पुलचा ट्रान्सफॉर्मर सिंगल-एंडेड ॲम्पला लावला की कोअर लगेच संपृक्त होतो, खर्ज जातो आणि आवाज पत्र्यासारखा येतो. फटीचा ट्रान्सफॉर्मर पुश-पुलला लावला तर प्रायमरीचा इंडक्टन्स कमी पडतो. दोन्ही चुका टाळा.

चोर बाजारात मर्फी, बुश, फिलिप्सचे जुने व्हॉल्व्ह रेडिओ अजून दिसतात. त्यांतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जवळजवळ नेहमी सिंगल-एंडेड असतो, तीन-चार वॅटचा. ईएल८४ च्या रेडिओतला असेल तर तो पाच हजार ओहमच्या आसपासचा असतो आणि घरगुती सरावाच्या छोट्या ॲम्पला चांगला चालतो. पण त्याची सेकंडरी बहुधा ३ ते ५ ओहमसाठी असते, म्हणून स्पीकर ४ ओहमचाच घ्या. यूएल८४ सारख्या यू मालिकेच्या ट्यूबचा रेडिओ असेल तर सावध राहा. त्या कमी व्होल्टवर चालायच्या आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर अडीच हजार ओहमच्या जवळचा असतो. त्या रेडिओंची चॅसी थेट मेन्सला जोडलेली असते, त्यामुळे रेडिओ चालू करून बघायचा मोहही टाळा.

गणपतीच्या मांडवातल्या भोंग्यांना लागणारे १०० व्होल्टचे लाइन ट्रान्सफॉर्मर स्वस्तात मिळतात आणि त्यांचं गणित सोपं आहे: १०,००० भागिले टॅपवरचे वॅट म्हणजे ओहम. अडीच वॅटचा टॅप ४ किलोओहमचा झाला. पण त्यांचं इन्सुलेशन ४०० व्होल्ट डीसीसाठी बनवलेलं नसतं, सेंटर टॅप हवा तिथे नसतो आणि फट तर नसतेच. मी तरी ते गिटार ॲम्पमध्ये लावायला सांगणार नाही.

स्पीकर आधी ठरवा

ट्रान्सफॉर्मर शेवटी घ्या. आधी कॅबिनेट ठरवा, कारण बारा इंची स्पीकर महाग, जड आणि बदलायला अवघड. ट्रान्सफॉर्मरचे टॅप त्याच्याप्रमाणे ठरवता येतात.

जोडणीचं गणित थोडक्यात. दोन ८ ओहम समांतर जोडले की ४, एकामागे एक जोडले की १६. दोन १६ समांतर म्हणजे ८. चार ८ ओहमचे स्पीकर दोन-दोनच्या जोड्या करून सीरिज-पॅरलल लावले की पुन्हा ८. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बमध्ये दोन ८ ओहम समांतर, म्हणून त्याचा ट्रान्सफॉर्मर ४ ओहमचा. सुपर रिव्हर्बमध्ये चार ८ ओहम समांतर, म्हणून २ ओहमचा. २ ओहमचा टॅप बाजारातल्या पुष्कळ ट्रान्सफॉर्मरवर नसतोच, ही गोष्ट चार स्पीकरचं कॅबिनेट बांधण्याआधी लक्षात घ्या.

८ आणि १६ ओहमचे स्पीकर समांतर लावले तर ५.३३ ओहम होतात आणि ८ ओहमचा स्पीकर दोन तृतीयांश पॉवर घेतो. चालतं, पण तो स्पीकर तेवढ्या ताकदीचा हवा. शक्यतो असं मिश्रण टाळा.

वॅटचा हिशेब करताना ॲम्पच्या छापील आकड्यावर थांबू नका. २० वॅट म्हणजे आवाज फाटायच्या आधीची पॉवर. गिटारवादक मुद्दाम आवाज फाडतात आणि पूर्ण फाटलेल्या, चौकोनी लहरीची पॉवर जवळजवळ दुप्पट होऊ शकते. म्हणून स्पीकरची क्षमता ॲम्पच्या दीडपट ते दुप्पट घ्या. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक २५ वॅटचा. १५ वॅटच्या ॲम्पला एक पुरतो, ३० वॅटला दोन हवेत. व्हिंटेज ३० हा ६० वॅटचा, म्हणून ३० वॅटच्या ॲम्पला तो एकटा पुरतो.

स्पीकरवरचं लेबल गेलं असेल तर दोन्ही टोकं सोडून मल्टिमीटरने मोजा. ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ दाखवतो, १६ चा १२ ते १३, ४ चा ३ ते ३.५. आधी मीटरच्या वायरी एकमेकींना टेकवून किती येतं ते बघा आणि ते वजा करा, नाहीतर ४ ओहमच्या मापात त्याचा फरक पडतो. कॅबिनेट जोडून झाल्यावर जॅकवरही हेच माप घ्या. जोडणीतली चूक इथेच सापडते.

पोलॅरिटी तपासायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. धन टोक लाल टर्मिनलला क्षणभर लावलं की कोन पुढे आला पाहिजे. दोन स्पीकरपैकी एक उलटा लागला तर ओहम बरोबरच येतात, पण खर्ज नाहीसा होतो आणि लोक महिनोन्महिने ॲम्पला दोष देत राहतात.

लोड जुळला नाही तर काय होतं

ट्यूब ॲम्प कधीही स्पीकर किंवा डमी लोडशिवाय (स्पीकरच्या जागी लावलेल्या रेझिस्टरशिवाय) वाजवू नका, हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो. पण तो का पाळायचा हे कळलं की विसरला जात नाही. लोड नसला की प्रायमरीतला करंट तुटताना कोअरमधली ऊर्जा बाहेर पडायला वाट शोधते आणि प्लेटवरचं व्होल्टेज बी प्लसच्या कित्येक पट चढतं. मग ठिणगी उडते. ईएल३४ किंवा ६एल६ च्या सॉकेटवर ती तीन नंबरच्या प्लेट पिनवरून शेजारच्या दोन नंबरच्या हीटर पिनवर उडते. एकदा जळून कोळसा झालेली ती रेघ विजेची वाट बनते आणि सॉकेटच बदलावा लागतो. ठिणगी वाइंडिंगच्या आत उडाली तर ट्रान्सफॉर्मर गेला.

ट्यूब ॲम्पच्या बाबतीत उघड्या लोडपेक्षा शॉर्ट कमी धोक्याचा. ट्रान्झिस्टर ॲम्पची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं. फेंडरने आपल्या बऱ्याच ॲम्पमध्ये याचसाठी शॉर्टिंग जॅक वापरला आहे: स्पीकर काढला की आउटपुट आपोआप शॉर्ट होतो.

आता निम्म्या-दुपटीच्या चुकीकडे वळू. ८ च्या टॅपला १६ ओहम लावले तर ट्यूबला दुप्पट लोड दिसतो. प्लेटचं व्होल्टेज जास्त हेलकावे खातं आणि पेंटोडमध्ये (ईएल८४, ईएल३४ सारख्या ट्यूबमध्ये) स्क्रीनमधून जास्त करंट जातो. पॉवर कमी झालेली असते तरी स्क्रीन तापते आणि ईएल३४ च्या स्क्रीनला ते सोसत नाही. ८ च्या टॅपला ४ ओहम लावले तर करंट वाढतो, प्लेट जास्त तापते, ट्यूबचं आयुष्य घटतं, पण इन्सुलेशन सुरक्षित राहतं. दोन्हींतून निवडायची वेळ आली तर टॅपच्या आकड्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर पत्करा, जास्त ओहमचा नको. आणि एकाला दोन या प्रमाणापलीकडे कोणत्याच दिशेने जाऊ नका.

इम्पिडन्सचा सिलेक्टर स्विच ॲम्प चालू असताना फिरवू नका. दोन टप्प्यांच्या मध्ये क्षणभर आउटपुट उघडा राहतो.

हाती आलेला अनोळखी ट्रान्सफॉर्मर कसा मोजावा

हे शिकून घ्या, कारण लेबलशिवाय किंवा चुकीच्या लेबलचे तुकडे इथे पुष्कळ मिळतात.

१. वायरी सुट्या करा आणि ओहममीटरने गट पाडा. पुश-पुलची प्रायमरी तीन वायरींची, टोक ते टोक साधारण १०० ते ४०० ओहम. सेकंडरी एका ओहमच्या आत. अमेरिकी पद्धतीच्या रंगांत निळी आणि तपकिरी प्लेटच्या, लाल सेंटर टॅपची, पण रंगांवर विश्वास ठेवण्याआधी मोजाच. दोन अर्धांचे ओहम थोडे वेगळे, म्हणजे ११० आणि १२५, आले तर घाबरू नका. बाहेरच्या वेढ्यांना तार जास्त लागते. ६० आणि १२५ आले तर मात्र तो तुकडा घेऊ नका.

२. नेहमीचा १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याची बाहेरची दोन टोकं, म्हणजे साधारण २४ ते २६ व्होल्ट एसी, प्रायमरीच्या दोन प्लेट वायरींना द्या. मेन्स थेट कधीही लावू नका. आणि हा पुरवठा चुकूनही सेकंडरीला लावू नका. २८ पटीने वाढून प्रायमरीवर शेकडो व्होल्ट उभे राहतील.

३. प्रायमरीवरचं खरं व्होल्टेज आणि प्रत्येक टॅपवरचं व्होल्टेज मोजा. समजा प्रायमरीवर २६.० आणि एका टॅपवर ०.९१ व्होल्ट आले. गुणोत्तर २८.६, वर्ग साधारण ८१६, गुणिले ८ म्हणजे ६.५ किलोओहम. दोन ६व्ही६ साठी तो ८ ओहमचा टॅप झाला. त्याच तुकड्याच्या ४ ओहमच्या टॅपवर ०.६४ आणि १६ च्या टॅपवर १.२९ येतील. शेजारच्या टॅपमध्ये १.४१ पट फरक असतो, त्यावरून कोणता कोणता ते ओळखता येतं.

४. मग इंडक्टन्स काढायला प्रायमरीच्या मार्गात १०० ओहमचा रेझिस्टर घालून त्याच्यावरचं एसी व्होल्टेज मोजा. ०.३ व्होल्ट आले तर करंट ३ मिलिॲम्पियर. २६ भागिले ०.००३, भागिले ३१४ (२π × ५० हर्ट्झ) म्हणजे सुमारे २८ हेन्री. ६.६ किलोओहमच्या लोडला ८० हर्ट्झपर्यंत किमान १३ हेन्री हवेत, म्हणजे हा पास. तिथे एकदम कित्येक व्होल्ट दिसले आणि पुरवठा बसू लागला, तर आत वेढे शॉर्ट आहेत. नुसत्या ओहममीटरवर हा दोष दिसत नाही.

५. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) प्रायमरी ते सेकंडरी आणि प्रायमरी ते कोअर तपासा. १०० मेगाओहमच्या वर हवं. मुंबईच्या पावसाळ्यात गोदामात पडून राहिलेला तुकडा दमट असतो आणि कमी आकडा दाखवतो. बंद खोक्यात ६० वॅटच्या दिव्याजवळ एक दिवस ठेवून पुन्हा मोजा. आकडा चढला नाही तर नकार द्या.

नवीन वाइंड करून घ्यायचा असेल तर

ट्रान्सफॉर्मर भरून देणारे कारागीर शहरात आहेत, पण बरेचजण पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या सवयीने काम करतात. त्यांना तोंडी सांगू नका. कागदावर लिहून द्या. दोन ६व्ही६ साठी, २२ वॅटचा नमुना असा:

कोअर सीआरजीओ (ट्रान्सफॉर्मरचा खास सिलिकॉन-पोलादी पत्रा), जिभेची रुंदी २५.४ मिमी, थराची जाडी ३२ मिमी. पत्रे एकाआड एक, फट नाही. प्रायमरी २००० वेढे, ३६ गेज, मध्यावर टॅप. सेकंडरी १९ गेज, ४९ वेढ्यांवर ४ ओहम, ७० वर ८ ओहम, ९९ वर १६ ओहम. निम्मी प्रायमरी आत, मग सेकंडरी, मग उरलेली प्रायमरी बाहेर. पुश-पुलच्या दोन्ही अर्धांचे ५०० वेढे आत आणि ५०० बाहेर.

हे आकडे कुठून आले ते समजून घ्या, म्हणजे दुसऱ्या ट्यूबसाठी स्वतः काढता येतील. २२ गुणिले ६६०० चं वर्गमूळ, म्हणजे प्रायमरीवर ३८१ व्होल्ट. किमान वेढे म्हणजे व्होल्ट भागिले ४.४४ × फ्रिक्वेन्सी × टेस्ला (कोअरमधली चुंबकीय घनता) × कोअरचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये. ८० हर्ट्झ, १ टेस्ला आणि पत्र्यांच्या थरांमध्ये वाया जाणारी जागा वजा जाता ७.७ चौरस सेंटिमीटर धरले, तर सुमारे १३९० वेढे. इंडक्टन्स सढळ मिळावा म्हणून २००० घेतले. बेस गिटारला ४१ हर्ट्झपर्यंत जावं लागतं, तिथे हाच कोअर अपुरा पडेल.

सेकंडरी प्रायमरीच्या मध्ये घालण्यावर ठाम राहा. कारागीर वेळ वाचवायला आधी सगळी प्रायमरी आणि वर सेकंडरी गुंडाळतात. त्याने लीकेज (दुसऱ्या वाइंडिंगपर्यंत न पोचणारं चुंबकत्व) वाढतं, वरचे सूर दबतात आणि फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे देणं) असलेल्या ॲम्पमध्ये शिट्टी सुरू होते. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये मायलारचे किमान दोन-तीन थर, प्रत्येक थराच्या कडेला दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा, शेवटी व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवणं. आपल्या खाऱ्या, दमट हवेत व्हार्निश टाळलेला तुकडा फार टिकत नाही. घरी नेण्याआधी २००० व्होल्टची इन्सुलेशन चाचणी त्यांच्याच टेबलावर करून घ्या.

एक गैरसमज इथेच दूर करतो. परदेशी ट्रान्सफॉर्मर ‘६० हर्ट्झचा’ आहे, आपल्याकडे चालणार नाही, असं ऐकायला मिळतं. ते मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरला लागू आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला आपल्या ५० हर्ट्झशी काही देणंघेणं नाही.

बसवताना

आउटपुट ट्रान्सफॉर्मर पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून दूर आणि काटकोनात ठेवा. भोकं पाडण्याआधी सेकंडरीला हेडफोन लावा, फक्त पॉवर ट्रान्सफॉर्मर चालू करा आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवत हम सर्वांत कमी कुठे होतो ते शोधा. तिथेच खुणा करा. हेडफोन काढून ठेवल्याशिवाय ट्यूब लावू नका.

निगेटिव्ह फीडबॅक असलेला ॲम्प पहिल्यांदा चालू करताना मोठ्याने किंचाळला तर घाबरू नका. लगेच बंद करा आणि प्लेटच्या दोन वायरींची अदलाबदल करा. फीडबॅक उलटा लागलेला असतो.

संरक्षणासाठी प्रत्येक प्लेटपासून ग्राउंडपर्यंत तीन १एन४००७ डायोड एकामागे एक लावा, पट्टी प्लेटच्या बाजूला. आउटपुट जॅकवर २२० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवा. स्पीकरची वायर निसटली तर हे दोन्ही मिळून उसळी आवरतात. स्क्रीनला रेझिस्टर नसतील तर घाला: ईएल३४ ला १ किलोओहम ५ वॅट, ६एल६ ला ४७० ओहम.

ॲम्प ते कॅबिनेट गिटारची केबल वापरू नका. तिच्या आतली तार केसासारखी बारीक, ५० वॅटला ८ ओहमवर अडीच ॲम्पियर जातात, ती तापते आणि एक दिवस तुटते, म्हणजे पुन्हा उघडा लोड. एक चौरस मिमीची दोन तारांची साधी लवचिक वायर आणि चांगले मोनो जॅक, बस.

पहिली चाचणी डमी लोडवर

८ ओहम, १०० वॅटचा ॲल्युमिनियम कवचाचा वायरवाउंड रेझिस्टर हीटसिंकवर बसवा. हीटसिंकशिवाय तो छापील पॉवरच्या निम्मीही सोसत नाही. १ किलोहर्ट्झचा टोन मोबाईलमधून द्या, लहर ऑसिलोस्कोपवर बघा आणि ती चपटी व्हायला लागेल तिथे थांबा. व्होल्टचा वर्ग भागिले ८ म्हणजे वॅट. १२ व्होल्ट म्हणजे १८ वॅट, १३.३ म्हणजे २२, २० म्हणजे ५०. हाती आलेले वॅट हिशेबाच्या ६० टक्क्यांपेक्षा कमी असतील तर टॅप चुकला आहे का ते आधी बघा, ट्यूबला दोष नंतर द्या. लहरीचा एकच अर्धा भाग आधी चपटा होत असेल तर ट्यूबची जोडी जुळत नाही, किंवा प्रायमरीचे दोन अर्ध समान नाहीत.

मग टोन ८० हर्ट्झवर आणून तेच करा. इथे लहर कमी व्होल्टलाच वेडीवाकडी झाली, तर कोअर लहान पडतोय.

फ्लॅटमध्ये वाजवताना

निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. बारा इंची गिटार स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ९७ ते १०० डेसिबल देतो. म्हणजे ५ वॅटचा ॲम्पही दादरच्या दोन खोल्यांत भरपूर झाला. पॉवर निम्मी केल्याने फक्त ३ डेसिबल कमी होतात, म्हणून ५० ऐवजी २५ वॅटचा ॲम्प घेऊन शेजाऱ्यांना दिलासा मिळत नाही.

आवाज उतरवण्यासाठी स्पीकर आणि ॲम्पच्या मध्ये घालायला सगळ्यांत साधं सर्किट असं: ॲम्पकडून येणाऱ्या धन वायरीत ४ ओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे ८ ओहमच्या स्पीकरला समांतर ८ ओहमचा रेझिस्टर. समांतर जोडीचे ४ ओहम, अधिक ४, म्हणजे ॲम्पला बरोबर ८ दिसतात आणि आवाज ६ डेसिबलने उतरतो. २० वॅटच्या ॲम्पला ४ ओहमचा रेझिस्टर १० वॅट खातो, समांतर रेझिस्टर ५ आणि स्पीकरला ५ मिळतात. ॲम्प फाडून वाजवणार म्हणून अनुक्रमे ५० आणि २५ वॅटचे घ्या, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या डबीत हवा खेळेल असे बसवा. स्पीकर निसटला तरी ॲम्पला १२ ओहमचा लोड राहतो. याहून जास्त आवाज उतरवायचा असेल तर अशी दुसरी डबी पहिलीच्या पुढे जोडता येते, कारण प्रत्येक डबी समोरच्याला ८ ओहमच दाखवते. दोन डब्यांनंतर मात्र स्पीकरचा चढउतार ॲम्पपर्यंत फारसा पोचत नाही आणि आवाज सपाट वाटू लागतो. तिथे रेझिस्टर वाढवण्यापेक्षा ५ वॅटचा सिंगल-एंडेड ॲम्प बांधणं बरं.